वशिल्याचं पान

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेनिसवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हसा. आपल्या वस्तीत टेनिसचा बॉल येतो तो गल्लीतल्या क्रिकेटसाठी, आणि रॅकेट आपण बघतो ती दुसऱ्याच्या खांद्याला लटकलेली. पण खेळात शिरायचा दरवाजा कोणाच्या हातात असतो, तो कोणासाठी उघडतो, हे बघायला रॅकेट धरता यायला लागत नाही. दरवाजाचा अभ्यास आपला पिढीजात आहे.

हिशेब सरळ आहे. विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धेत एकेरीला १२८ जागा. त्यातल्या १०४ जागतिक क्रमवारीवर भरतात. १६ जण पात्रता फेरीत घाम गाळून, तीन-तीन सामने जिंकून येतात. उरल्या ८. या आठ जागा आयोजकांच्या खिशात. यांना म्हणतात वाइल्ड कार्ड. रमीतला जोकर समजा. छोट्या, २८ खेळाडूंच्या स्पर्धेत असे तीन जोकर असतात. कोणाला द्यायचे ते कमिटी ठरवते. का दिले, ते सांगायला कमिटी बांधील नाही.

आता म्हणाल, आठ जागांनी काय होतं? पैशाने बोलू. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड मिळाले. हरणाऱ्याला! आणि तळाच्या १५,००० डॉलरच्या स्पर्धेत आठवडाभर खेळून, सगळ्यांना हरवून विजेता ठरलेल्याच्या हातात २,१६० डॉलर येतात. तिथे पहिल्या फेरीत आटोपला तर १५६. त्यात विमानाचं तिकीट, लॉज, रॅकेटच्या तारा. म्हणजे एक पान हातात पडलं की एखाद्याची दोन-तीन वर्षं निघतात, आणि नाही पडलं की तेवढ्याच वर्षांत दुसरा कुणी खेळ सोडून नोकरी बघतो. शिवाय मोठ्या स्पर्धेत एखादा सामना जिंकला तर क्रमवारीचे गुण ढिगाने. मग पुढच्या वेळी पानाची गरजच नाही. एकदा आत घेतलं की माणूस आतला होतो.

तर ही पानं जातात कुठे?

१९९८ साली ॲडलेडला लेटन ह्युइट नावाचं सोळा वर्षांचं पोरगं खेळलं. त्याच गावचं. क्रमवारीत ५५० वा. स्थानिक म्हणून पान मिळालं आणि पठ्ठ्याने आगासीला हरवून स्पर्धाच मारली. असं पान द्यावं, माझी ना नाही. २००१ मध्ये गोरान इवानिसेविच वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डन जिंकला. २००९ मध्ये किम क्लायस्टर्स मूल झाल्यावर परतली आणि अमेरिकन ओपन घेऊन गेली. पण पुढे बघा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीचं एक पान ह्युइटच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळालं. बाप तेव्हा देशाच्या डेव्हिस कप संघाचा कर्णधार. पोरगं वाईट खेळतं असं मी म्हणत नाही. पंधराव्या वर्षी चांगलं खेळणारी पोरं त्या देशात आणखीही असतील, पण त्यांचं आडनाव फलकावर छापून तिकिटं खपत नाहीत.

स्वीडनचा ब्यर्न बोर्ग. त्याच्या बापाला टेबल टेनिसच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून रॅकेट मिळाली, ती पोराच्या हातात आली, तिथून सुरुवात. बोर्गचा मुलगा लिओ २०२४ मध्ये बोस्टाडला नदालसमोर उभा राहिला तेव्हा तो क्रमवारीत चारशेच्याही खाली होता. वाइल्ड कार्ड. एका पिढीने रॅकेट बक्षिसात मिळवली, दुसऱ्या पिढीला मुख्य फेरीच वारशात मिळाली.

सगळ्यात बोलकं उदाहरण बेलग्रेडचं. नोव्हाक जोकोविचच्या मागे टेनिसचं घराणं नव्हतं. आईबाप डोंगरातल्या पर्यटनस्थळी हॉटेल चालवायचे, पोराच्या खेळापायी कर्जात बुडाले. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण पैसा आल्यावर घराण्याने काय केलं? नेदरलँड्समधली एक स्पर्धाच विकत घेतली आणि २००९ मध्ये ती बेलग्रेडला आणली. संचालकाच्या खुर्चीवर घरचा माणूस. २०२१ मध्ये तर सख्खा धाकटा भाऊ, जॉर्जे. आणि मधल्या भावाला, मार्कोला, त्या घरच्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड. ज्याला दरवाजा बाहेरून ढकलावा लागला, त्याच्याच घरच्यांनी आत गेल्यावर कडी हातात घेतली. वतन असंच तयार होतं, दोस्तांनो. पहिला कमावतो, दुसरा सांभाळतो, तिसऱ्याला वाटतं की हे देवानेच दिलंय.

घराण्याच्या वर देशाचं घराणं. चार मोठ्या स्पर्धा चार देशांत: ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका. पानं बहुतेक आपापल्या पोरांना. वर यातल्या तीन देशांच्या संघटनांनी, म्हणजे इंग्लंड सोडून, आपसात करार केलाय: तू माझ्या पोराला एक दे, मी तुझ्या पोराला एक देतो. याला आपल्याकडे रोटीबेटी व्यवहार म्हणतात. ट्युनिशियाच्या, पेरूच्या, भारताच्या पोराने या पंगतीत कुठे बसायचं?

दलालांचं थोडक्यात सांगतो. मायामीची स्पर्धा कितीतरी वर्षं आयएमजी या कंपनीच्या मालकीची होती. हीच कंपनी खेळाडूंची एजंटही. खेळाडू आपला, मैदान आपलं, पान आपलं. यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता १९५० सालात चला. अल्थिया गिब्सन. दक्षिण कॅरोलायनातल्या कापसाच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या काळ्या आईबापांची मुलगी, हार्लेममध्ये वाढलेली. काळ्यांना गोऱ्यांच्या स्पर्धांत जागा नव्हती म्हणून काळ्यांनी १९१६ मध्येच आपली वेगळी संघटना काढली होती, तिची ही विजेती. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला घ्या म्हटलं तर नियमात कुठेही ‘काळी चालणार नाही’ असं लिहिलेलं नव्हतं. सांगितलं गेलं ते असं: आधी पूर्वेकडच्या मोठ्या हिरवळीवरच्या स्पर्धांत खेळून दाखव. आणि त्या बहुतेक स्पर्धा निमंत्रितांच्या! निमंत्रण द्यायचं नाही आणि खेळून दाखवलं नाही म्हणून प्रवेश नाही. हा पेच ओळखीचा वाटतो ना? शेवटी ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने जुलै १९५० मध्ये मासिकात उघड लेख लिहून आपल्याच लोकांना झोडपलं, तेव्हा दरवाजा किलकिला झाला. गिब्सन दुसऱ्या फेरीत विम्बल्डन विजेत्या लुईझ ब्रफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ७-६ ने पुढे होती, तेवढ्यात वादळ आलं, खेळ थांबला, दुसऱ्या दिवशी ती हरली. पण १९५७ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन दोन्ही तिच्या नावावर. आता सांगा, तिच्याआधी किती जणी निमंत्रणाची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या असतील?

आपल्याकडे पुण्यात बाळू पालवणकर साहेबांच्या क्लबात पिच लोळवायचे, नेटमध्ये त्यांना गोलंदाजी करायचे. हिंदूंच्या संघात घेतलं, पण चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद शेवटपर्यंत नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. जिमखान्यातला मार्कर आजही सभासदांच्या पोरांना बॅकहँड शिकवतो. सभासद मात्र तो नसतो.

आणि हेच सभासद आपल्याला गुणवत्ता शिकवतात! राखीव जागा म्हटलं की यांच्या पोटात कळ येते. अरे, १२८ पैकी ८ जागा तुम्हीही राखून ठेवता. आमच्या राखीव जागेला कायदा आहे, टक्केवारी आहे, यादी लागते, कुणीही कोर्टात जाऊ शकतो. तुमच्या जागेला काय आहे? बंद खोली आणि ओळखीचं आडनाव.

सुमित नागलचं बघा. हरयाणातल्या खेड्यातला, शिक्षकाचा मुलगा. २०२३ मध्ये त्याने जाहीर सांगितलं, खात्यात ९०० युरो उरलेत. डेव्हिस कप खेळायला नाही म्हणाला म्हणून भारतीय संघटनेने वाइल्ड कार्डसाठी त्याचं नाव पुढे केलं नाही, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. म्हणजे पान बक्षीस म्हणून देता येतं तसं चाबूक म्हणूनही वापरता येतं. गडी २०२४ मध्ये मेलबर्नला पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत शिरला आणि ३१ वं मानांकन असलेल्या बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये लोळवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर मोठ्या स्पर्धेत एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा हा पहिला भारतीय पुरुष. दुसऱ्या फेरीचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन आला. पण प्रत्येकाने नागल व्हावं, ही अट कशाला?

पानं फाडून टाका, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय विजेत्याला अमेरिकन ओपनचं पान मिळतं, काही पानांसाठी ठरावीक स्पर्धांतली कामगिरी मोजतात. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. तेव्हा जिल्ह्याच्या, राज्याच्या कुठल्याही खेळाच्या निवडीची यादी लागली की आपल्यातल्या कुणीतरी वही घेऊन जायचं. तीन रकाने आखायचे: खेळाडूचं नाव, त्याआधीची कामगिरी, कमिटीत कोण होतं. चौथा रकाना नात्याचा. तो रिकामा ठेवा, गावातले लोक भरून देतील. वह्या दिवाळीनंतरच्या बैठकीला घेऊन या.