हिरोशिमात काय पाहिलं?

आज ज्या चित्रपटाविषयी बोलायचं आहे, त्याची सुरुवात डोळे मिटून ऐकावी अशी आहे. पडद्यावर मिठीतले दोन देह, त्यांवर राखेसारखं काहीतरी झरतंय, चेहरे नाहीत. एक फ्रेंच बाई हिरोशिमातलं इस्पितळ, तिथलं संग्रहालय पाहिल्याचं सांगत राहते आणि एक जपानी पुरुष तिचं ते पाहणंच नाकारत राहतो.

हा १९५९ चा 'हिरोशिमा मॉन अमूर'. दिग्दर्शक आलँ रेने. नाझी छळछावण्यांवरचा त्यांचा अनुबोधपट गाजला होता, आणि निर्मात्यांना आता अणुबॉम्बवर तसाच दुसरा हवा होता. रेने यांनी प्रयत्न केला, पण आपण तेच पुन्हा करतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कादंबरीकार मार्गरीत द्यूरास यांना लिहायला सांगितलं.

अमेरिकेला बोचेल म्हणून कान महोत्सवाने हा चित्रपट अधिकृत स्पर्धेबाहेर ठेवला. दुसरा आक्षेप जास्त खोल होता. नायिकेचं पहिलं प्रेम नव्हेर गावातल्या एका जर्मन सैनिकावर, म्हणजे शत्रूवर. तो गोळी लागून मरतो, गावकरी तिचे केस कापतात, आईबाप तिला तळघरात कोंडतात. जळलेल्या शहराशेजारी एका मुलीचं हे दुःख ठेवायचं? मला वाटतं, ठेवायलाच हवं होतं. रेने दोन्ही दुःखं तराजूत घालत नाहीत. अख्ख्या शहराचं मरण आपल्याला पेलवत नाही; एका तळघरातली थंडी मात्र अंगाला लागते.

आणि ती आठवण येते कशी? सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन ती उभी आहे. झोपलेल्या प्रियकराचा हात किंचित हलतो. तत्क्षणी पडद्यावर दुसराच हात, मरणाऱ्या सैनिकाचा. दृश्य विरत नाही, संगीत आधी इशारा देत नाही. क्षणात पुन्हा खोली. त्या काळी प्रेक्षकाला 'आता भूतकाळ' असं सांगून मग मागे नेत. इथे काहीच सांगितलेलं नाही. हा हात कुणाचा, हे आपल्याला बरंच नंतर, नदीकाठच्या चहागृहात तीच बोलू लागते तेव्हा कळतं.

तिथे तिचं ऐकणारा तो पुरुष म्हणजे एजी ओकादा. त्यांना फ्रेंच येत नव्हतं. प्रत्येक वाक्य त्यांनी नुसत्या उच्चारांवरून पाठ केलं होतं. सुरुवातीच्या अंधारातला तो ठाम नकारही.