कर्करुग्ण आणि पूरक पोषणद्रव्यांची पारख



घरात कुणाला कर्करोग झाल्याचे कळले की भेटीस येणारे आप्तस्वकीय रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणतो, कोणी प्रथिनांच्या भुकटीचा डबा, तर कोणी हळदीच्या अर्काची बाटली. यामागील माया खरीच असते; परंतु मायेने दिलेली वस्तू हितकारक असतेच असे नाही. ती पारखावी कशी, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

निरोगी माणसाला जे पोषक ते रुग्णालाही पोषकच, असा आपला समज असतो. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडने फार्बर यांना निराळाच अनुभव आला. रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना फॉलिक आम्ल वर्गातील द्रव्ये दिली असता रोग अधिकच बळावतो, असे त्यांच्या निदर्शनास आले. मग त्यांनी उलट वाट धरली. फॉलिक आम्लाचे कार्य रोखणाऱ्या औषधाने काही बालकांचा आजार काही काळ ओसरतो, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. ते औषध त्यांना पुरविणाऱ्या संशोधनाची धुरा भारताचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. याच वर्गातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. याउलट पेमेट्रेक्सेड या औषधासोबत डॉक्टर स्वतःच फॉलिक आम्ल देतात. सारांश, गोळी तीच; पण ती कोणत्या उपचारासोबत घेतली जाते, यावर तिचे गुणदोष ठरतात.

फळाभाज्यांतील द्रव्य गोळीतून घेतले तर अपाय कसला, असेही विचारले जाते. फिनलंडमध्ये १९८५ पासून धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक चाचणी झाली. गाजरात असणारे बीटा कॅरोटीन ज्यांना गोळीतून मिळाले, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा कोणताही डबा उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला : याची परीक्षा माणसांवर झाली, की केवळ काचनळीत? दुसरा : तुलना न्याय्य होती काय? क जीवनसत्त्वाने रुग्णांचे आयुष्य वाढते, असे १९७६ मध्ये जुन्या नोंदींशी तुलना करून सांगण्यात आले. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून रोज १० ग्रॅम जीवनसत्त्व तोंडावाटे दिले गेले. १९७९ व १९८५ या दोन्ही वेळच्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. तिसरा : लाभ कशात मोजला? आयुष्य, वजन व भूक यांत, की रक्तातील एखाद्या आकड्यात? चौथा : चालू औषधांशी याचा विरोध तर नाही ना?

याचा अर्थ पूरक आहार टाकाऊच, असा मात्र नव्हे. कर्करुग्णाचे वजन घटू न देणे फार महत्त्वाचे असते. साधारणतः दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाला ५० ते ७५ ग्रॅम. डाळ, दूध, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. तोंड आल्यामुळे किंवा मळमळीमुळे जेवण जात नसेल, तर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने भुकटीही अवश्य द्यावी.

शिक्षक व पंचायत सदस्यांवर येथे मोठी जबाबदारी आहे. गावातील माणूस डब्यावरील मजकूर वाचून घेण्यासाठी आपल्याकडेच येतो. कर्करोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अशी जाहिरात आढळल्यास ती अन्न व औषध प्रशासनाच्या नजरेस आणावी. डबा आणणाऱ्याचा अवमान करण्याचे कारण नाही. त्याला इतकेच सांगावे, “डबा राहू द्या; पुढच्या खेपेस रुग्णालयात जाताना तो बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा आणि मगच उघडा.” एवढ्या एका सवयीने रुग्णाचा पैसा वाचेल आणि कदाचित त्याचा उपचारही वाया जाणार नाही.