फोन बदला, पण नोंदी हरवू नका



बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. यातलं पाचवं सूत्र सांभाळलं नाही, तर पहिली चार पाळल्याचा पुरावाच राहत नाही. आता या नोंदी वहीइतक्याच फोनमध्येही असतात. कुणाचा हप्ता कधी, बँकेचा नंबर, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, मसाल्याच्या गिऱ्हाइकांची यादी. बऱ्याच गटांत हे सगळं सचिवताईंच्या एकाच जुन्या फोनवर असतं. तो अचानक बंद पडला, तर हप्ता भरला होता की नाही यावरून दोन घरांत अबोला धरला जातो. म्हणून नवा स्मार्टफोन घेताना जुन्यातलं सामान कसं न्यायचं, ते आज बघू.

आधी एक फरक लक्षात घ्या. ॲप वेगळं आणि नोंदी वेगळ्या. ॲप म्हणजे डबा, नोंदी म्हणजे धान्य. जुना डबा नव्या फोनमध्ये चालेलच असं नाही. पण धान्य वेळेवर काढून घेतलं, तर ते दुसऱ्या डब्यात भरता येतं.

हा प्रश्न जुनाच आहे. 1996 साली अमेरिकेत ‘पायलट’ नावाचं तळहातावर मावणारं यंत्र आलं. त्यात दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं ठेवता यायची. यंत्र संगणकाला जोडून एक बटण दाबलं की सगळ्याची प्रत संगणकात उतरायची. पुढं स्मार्टफोन आले आणि ती यंत्रं मागं पडली. पण संगणकात प्रत असल्यामुळं पत्ते नव्या फोनवर नेण्याची सोय राहिली. दुसरी प्रत असावी, एवढंच यातून घ्यायचं.

आता कामाला लागू.

पहिलं, नंबर. साध्या बटणाच्या फोनमधले नंबर सिमकार्डवर उतरवता येतात. पण सिममध्ये साधारण 250 नंबरच मावतात, आणि लांब नावं तुटतात. म्हणून आधी यादी कागदावर लिहून घ्या. जुना फोन स्मार्टफोनच असेल, तर संपर्कांच्या ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट’ करा. सगळ्या नंबरांची एक व्हीसीएफ फाइल तयार होते. ती नव्या फोनवर पाठवून ‘इम्पोर्ट’ करा.

दुसरं, हिशेबाचं ॲप. त्यातही ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ शोधा. पीडीएफ मिळाली तर ती वाचायला आणि छापायला चांगली, पण तिच्यात पुढची भर घालणं अवघड. एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल मिळाली, तर तोच हिशेब पुढं चालू ठेवता येतो. दोन्ही घ्या. काहीच मिळत नसेल, तर प्रत्येक सभासदाच्या खात्याचा स्क्रीनशॉट काढा.

तिसरं, व्हॉट्सॲप. जुना फोन चालू असतानाच बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर तो गुगल खात्यात जातो. नव्या फोनवर तोच मोबाइल नंबर आणि तेच गुगल खातं वापरा. त्या खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, हे आदल्या दिवशीच तपासा.

चौथं, पैशाचं ॲप. इथं काही उचलून न्यायचं नसतं, कारण पैसे फोनमध्ये नसून बँकेत असतात. बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये घाला, ॲप नव्यानं उतरवा, पडताळणी करा. ओटीपी आणि पिन दुकानदाराला, ओळखीच्या मुलाला, फोनवरच्या कुठल्याही ‘साहेबांना’ सांगायचा नाही. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.

पाचवं, घाई करू नका. जुना फोन महिनाभर तरी घरात राहू द्या. विकायचा किंवा लेकीला द्यायचा असेल, तर आधी गुगल खातं काढा, मेमरी कार्ड काढा आणि मग ‘फॅक्टरी रीसेट’ करा. रीसेटनंतर त्यातलं काही परत मिळेल अशी आशा ठेवू नका. म्हणून हे काम सगळ्यात शेवटी.

आणि एक सांगते. हे काम एकट्या सचिवताईंवर टाकू नका. अध्यक्षताईंनी शेजारी बसावं. पुढच्या बैठकीत वही आणि नवा फोन समोर ठेवा, प्रत्येकीची बचत आणि कर्जबाकी मोठ्यानं वाचा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिलाही आपला आकडा पाठ असतो. ती ‘बरोबर’ म्हणाली की तिची नोंद नव्या फोनवर पोचली असं समजा. वही मात्र चालूच ठेवा, तिला चार्जिंग लागत नाही.