जंगलवाटेवरील विश्रामगृह : वास्तू आणि इतिहास

(पोंभुर्णा येथे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



हॉटेल म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे चहा-नाश्त्याचे दुकान किंवा बसस्थानकाजवळचे लॉज उभे राहते. आपल्या जंगलपट्ट्यात मात्र प्रवाशाच्या मुक्कामासाठी जी जुनी सरकारी वास्तू आढळते, ती डाक बंगल्याची किंवा वन विश्रामगृहाची होय. तिच्याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि १८६४ साली वन खात्याची स्थापना झाली. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात आजचा चंद्रपूर आणि १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचा बराचसा भाग सामावलेला होता. येथील सागवानाची मोजदाद आणि जमिनीची आकारणी करण्यासाठी अधिकारी घोड्यावरून व बैलगाडीने फिरू लागले. दिवसाची मजल संपली की निवारा हवा, या गरजेतून अशा वाटांवर ठिकठिकाणी विश्रामगृहे उभी राहिली.

त्यांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. उंच जोत्यामुळे पावसाळ्यातील ओल आणि सरपटणारे प्राणी दूर राहतात. मधला दिवाणखाना, दोन्ही बाजूंस निजावयाच्या खोल्या आणि सभोवती रुंद ओसरी अशी मांडणी असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही ओसरी उन्हाला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. जाड भिंती दुपारची उष्णता उशिरा आत सोडतात, तर उंच छताजवळच्या झरोक्यांतून तापलेली हवा बाहेर पडते. स्वयंपाकघर धूर आणि आगीच्या भयास्तव वेगळे बांधलेले असते. तुळया-वासे सागाचे आणि छप्पर गावच्या कुंभाराने घडविलेल्या कवेलूंचे. मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना निघाल्यावर पुढे अनेक ठिकाणी मंगळुरी कौलेही आली.

त्याच दशकात मुंबईत वॉटसन हॉटेल उभारले जात होते. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून, सुट्या भागांच्या रूपाने जहाजातून आणण्यात आला. हॉटेल १८७१ साली सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे येथेच दाखविण्यात आली आणि भारताने प्रथम चित्रपट पाहिला. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे लहान लहान गाळे झाले आणि देखभाल मागे पडली. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला, तर २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. एवढी कीर्ती असूनही त्या वास्तूची ही गत झाली. मग जिचे नावही कोणी नोंदविलेले नाही, त्या आडगावच्या विश्रामगृहाचे काय होईल?

या वास्तूंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साहेबाचा मुक्काम पडला की आसपासच्या गावांनी गाड्या, सरपण, दूध, कोंबड्या पुरवाव्यात आणि ओझी वाहावीत, अशी वेठबिगारीची रीत होती. ज्यांच्या श्रमावर मुक्काम सुखाचा होई, त्यांची जागा अंगणात असे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. अंगणातील त्या माणसांची आठवण गावातील वृद्धांकडून ऐकून लिहून ठेवणे, हेही वास्तूच्या इतिहासाचेच काम आहे.

आज अनेक ठिकाणी जुनी इमारत गळू लागली की ती पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आधी तयार होतो. वास्तविक, मृगापूर्वी कवेलू फेरले, वाळवी पाहिली आणि पाण्याचा निचरा ठेवला, तर बरेचसे नुकसान टळते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल कोंडते आणि भिंत भुसभुशीत होते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फीत देऊन अशा इमारतीचे मोजमाप घेण्यास आणि नकाशा काढण्यास शिकवावे. अधिकाऱ्यांनी मुक्कामाच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. पंचायत सदस्यांनी पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी, चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागवावे.

हे अशक्य नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या तटावरील झाडोरा व कचरा २०१७ सालापासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने काढला, तो आपल्याच जिल्ह्यात. कोटाच्या मानाने विश्रामगृहाची ओसरी फारच लहान आहे. ती ओसरी आता साऱ्या गावाची आहे. येत्या मृगापूर्वी तिचे कवेलू फेरून घ्यावेत, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.