रिकाम्या खोल्यांची नोंद

(वेरूळ येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, एका कंपनीचा पत्ता आधी सांगतो. १४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, गाव चितेगाव, तालुका पैठण. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचं हे नोंदणीकृत कार्यालय. जिच्या रंगीत टीव्हीच्या जाहिराती देशभर लागायच्या, त्या कंपनीचा कागदोपत्री ठावठिकाणा आपल्या जिल्ह्यातला, पैठणला जाताना लागणारा मैलाचा दगड होता. याचं मला त्या काळी अप्रूप वाटायचं. माझ्या वर्गातली कन्नड-खुलताबादकडची मुलं बारावी किंवा आयटीआय झाली की म्हणायची, "सर, चितेगावला लागलो." कंपनीचं नाव सांगायची गरज पडत नसे.

आजचा विषय मोबाइल आणि टेलिफोनच्या धंद्यातली नोकरकपात हा आहे. मग टीव्ही-फ्रीजच्या कारखान्याचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

२००८ साली दूरसंचारचे नवे परवाने वाटले गेले. व्हिडिओकॉन समूहाच्या कंपनीला त्यातले २१ मिळाले. देशात तेव्हा दहा-बारा कंपन्या मोबाइलसेवेत उतरल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की गिऱ्हाईक संपणारच नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वाटपातले १२२ परवाने रद्द केले. त्यात व्हिडिओकॉनचे २१ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लिलावात कंपनीने सहा दूरसंचार मंडळांसाठी पुन्हा पैसे मोजून लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, घेतल्या आणि २०१६ मध्ये त्याच सहा मंडळांतल्या लहरी ४,४२८ कोटी रुपयांना एअरटेलला विकायचा करार केला. मोबाइलचा धंदा तिथे संपला. कर्ज मात्र संपलं नाही. २०१८ च्या जूनमध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे समूहातल्या १३ कंपन्यांचं प्रकरण एकत्र चाललं, त्यात दूरसंचारची कंपनीही होती. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटींचे आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने मान्य केलेली बोली २,९६२ कोटींची. जानेवारी २०२२ मध्ये अपील लवादाने तीही रद्द केली.

बुडण्याचं कारण एकटा मोबाइल होता असं मी म्हणणार नाही. तेलाच्या विहिरी होत्या, बाहेरून आलेल्या टीव्ही-कंपन्यांची स्पर्धा होती. पण जी माणसं फ्रीजचं दार बसवत होती, वॉशिंग मशीनची वायरिंग करत होती, त्यांनी दिल्लीतल्या लहरींच्या लिलावात कधी हात वर केला नव्हता. तो जुगार त्यांच्या नावावर कुणी लावला, हे त्यांना कधी कुणी विचारू दिलं नाही. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता जरा लांबून बघू. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. बोलणं फुकट झालं, डेटा स्वस्त झाला. त्याचा फायदा आपण सगळ्यांनी घेतला, इथल्या लेणी दाखवणाऱ्या गाइडपासून कांद्याचा भाव बघणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत. पण दोन वर्षांत बाकीची दुकानं मिटली. टाटा टेलिसर्व्हिसेसने आपला मोबाइलचा धंदा एअरटेलला दिला, रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाइलसेवा आवरली, एअरसेल २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली, ऑगस्टअखेर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल. बीएसएनएलमध्ये फेब्रुवारी २०१९ चा पगार लांबला आणि त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवसात ७८ हजारांवर माणसं घरी गेली, म्हणजे जवळजवळ निम्मं खातं. ती पन्नाशीच्या पुढची होती, हातात रक्कम पडली, निवृत्तिवेतन होतं. ते दुःख नव्हतं असं नाही, पण त्या माणसांची यादी होती. प्रत्येकाचा कर्मचारी क्रमांक होता.

मला आज यादीबाहेरच्यांबद्दल बोलायचं आहे.

मोबाइलचा टॉवर घ्या. गावात टॉवर उभा राहतो तेव्हा ज्याच्या वावरात किंवा गच्चीवर तो येतो त्याला दरमहा भाडं मिळतं. जनरेटरला डिझेल लागतं, ते भरणारा एक पोरगा असतो. राखण करणारा म्हातारा असतो. बिघाड झाला की मोटारसायकलवर येणारा टेक्निशियन असतो, तो ठेकेदाराकडचा. सिमकार्डं दुकानोदुकानी पोहोचवणारी पोरं असतात. कंपनी बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली की एका डोंगरावर दोन टॉवर कशाला, म्हणून एक उतरवतात. उतरवतात म्हणजे फक्त लोखंड उतरवत नाहीत. गच्चीच्या भाड्याच्या भरवशावर ज्याने पतसंस्थेतून कर्ज काढून खालचं घर बांधलं, त्याचा हप्ता त्या दिवशी उघडा पडतो. आणि यातल्या एकालाही 'नोकरीवरून काढलं' असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

घराचा प्रश्न इथे येतो, आणि तो आपल्याकडे मोठ्या शहरांसारखा दिसत नाही. मुंबई-पुण्यात नोकऱ्या गेल्या की फ्लॅटचे भाव पडले का, हे विचारतात. आपल्या कामगाराकडे फ्लॅट नव्हताच. चितेगाव-बिडकीनला, वाळूजकडे रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीला तो दहा बाय दहाच्या खोलीत दोघं-तिघं मिळून राहत होता. पैसा साठला तर त्याने गुंठेवारीतला प्लॉट बॉण्डपेपरवर घेतला. त्याला बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून पैसा भिशीतून, सोनाराकडून, बायकोच्या डोरल्यातून आला. असं घर तो सहजासहजी विकत नाही, आणि विकायला काढलं तरी त्याच कंपनीतून निघालेल्या शेजाऱ्याशिवाय गिऱ्हाईक कोण?

म्हणून घर सगळ्यात शेवटी जातं. मी जे पाहिलं ते सांगतो. आधी मुलाची ट्यूशन बंद होते. मग मोटारसायकल पासिंगविना दारात उभी राहते. मग मुलीला इंग्रजी शाळेतून काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत घालतात. तिथली शाळा चांगली असते, पण बदलाचं कारण मुलीला कळतं आणि ते ती विसरत नाही. मग गावाकडची सामाईक जमीन, आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद. घराच्या भिंती जागच्या जागी असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही.

आणि ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, ते? कारखान्याच्या भरवशावर जमीन गेलेल्या किंवा विकलेल्या गावकऱ्याने आलेल्या पैशात खोल्यांच्या ओळी बांधल्या. दर खोलीचं डिपॉझिट, दर खोलीचं भाडं, तेच त्याचं पीक. सोबत एखाद्या बाईची खानावळ, तीन शिफ्टचे डबे. कारखाना थंडावला की आधी डबे कमी होतात, मग खोल्या. वरच्या मजल्यासाठी कॉलममधून सोडलेले गज तसेच राहतात. जिथे कारखाना बसला, त्या गावातून जाताना मी आता हे गज बघत जातो. प्लास्टिकची बाटली उलटी घातलेला गज अजून आशा धरून असतो.

बाहेरच्या जगात हेच झालं. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदुरचा नोकियाचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ ला थांबला. फिनलंडमधल्या सालो नावाच्या गावात नोकियाने २०१२ मध्ये फोन बनवणं बंद केलं आणि गावच्या तिजोरीत येणारा कराचा ओघ आटला. फरक इतकाच की फिनलंडमध्ये बेकारी भत्ता घरी पोहोचतो आणि आपल्याकडे तो आहे हेच माणसाला ठाऊक नसतं.

ठाऊक करून घ्या. ज्याचा ईएसआय कापला जात होता, त्याच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर, अटी पूर्ण होत असतील तर, आयुष्यात एकदा कमाल नव्वद दिवसांपर्यंत मदत मिळते. दिवाळखोरीच्या कायद्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत, त्यावर बँकेचा हक्क लागत नाही. कंपनी विकायला काढली तर कामगाराची चोवीस महिन्यांपर्यंतची थकबाकी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने मोजली जाते. पण त्यासाठी दावा दाखल करावा लागतो, मुदतीत. आणि ठेकेदाराकडचा माणूस? तो कंपनीच्या हजेरीपटावर नसतोच. त्याचा मालक ठेकेदार, आणि ठेकेदाराचा फोन बंद. वर जुन्या कायद्यात कारखाना बंद करायला सरकारची परवानगी शंभर कामगारांपासून लागत होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा तीनशे केली आहे. माझ्या मते हे उलट्या दिशेने टाकलेलं पाऊल आहे. लहान कारखान्यातल्या माणसाला आधार जास्त लागतो, कमी नाही.

तुम्ही वेरूळचे आहात. कैलासाला येणारे लोक पुढे जैन लेण्यांकडे फारसे जात नाहीत, पण तुम्ही तिथला छोटा कैलास पाहिला आहे. तो अर्धवट आहे. काम मध्येच थांबलं. ज्यांचे छिन्नी-हातोडे त्या खडकावर चालत होते ते कारागीर नंतर कुठे गेले, त्यांनी बायकापोरांना कुठे नेलं, हे कुठल्याही ताम्रपटात नाही. ताम्रपट दान देणाऱ्याचे असतात. आज हजार-बाराशे वर्षांनंतर मला हे पुन्हा होताना दिसतं. लवादाच्या आदेशात बँकांची नावं ओळीने आहेत, आणि शरणापूर-साजापूरच्या रस्त्याने वाळूजच्या पहिल्या शिफ्टला पहाटे निघणाऱ्या तुमच्या पोरांचं नाव कुठे नाही.

ग्रामपंचायतीत नमुना आठ असतो, त्यात प्रत्येक घराची नोंद आहे. घर कच्चं की पक्कं, किती चौरस फूट, कर किती. त्या घरातलं कोण कुठल्या कंपनीत, कुणाच्या ठेक्यावर, किती वर्षांपासून, पीएफचा क्रमांक काय, याची नोंद ठेवायला सरकारने सांगितलेलं नाही. सांगायची वाट बघू नका. कारखाना बंद पडल्यावर माणसं पांगतात, ठेकेदार सापडत नाही, हजेरीची कार्डं हरवतात, आणि दावा करायचा तर हातात कागद नसतो. कागद आत्ता आहे तोवर लिहून ठेवावा लागतो.

मी एक दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर रकाने आखलेत: नाव, कंपनी, ठेकेदार, लागल्याची तारीख, पीएफ आणि ईएसआयचा क्रमांक, राहतो ती खोली कुठल्या गावात. खाली टेबलावर ठेवतो, पेन तिथेच आहे. ज्यांची पोरं आत्ता शिफ्टला गेली आहेत, त्यांच्या आईवडिलांनी निदान नाव आणि कंपनी लिहून जावं, बाकीचं रविवारी पोरं आली की भरू. पहिलं नाव माझ्या पुतण्याचं लिहिलं आहे. तो ठेक्यावर आहे, आणि त्याच्या ठेकेदाराचं पूर्ण नाव त्याला फोन करून विचारलं तेव्हा त्यालाही सांगता आलं नाही. तो रकाना अजून रिकामा आहे.