आधीं तपासणी कोणाची?



एच.आय.व्ही.ची तपासणी पुष्कळ घरांत प्रथम होते ती गरोदर स्त्रीची. म्हणून रोग तिनेंच घरांत आणिला, असा ठपका तिजवर येतो. पतीची तपासणी मात्र झालेलीच नसते. पुरुषानें दवाखान्याची पायरी चढणें कमीपणाचें, आणि स्त्रीनें पतीच्या संमतीवांचून औषध घेणें अमर्यादपणाचें, असें आम्ही मानीत आलों. या समजुतीपायीं दोघेंही औषधास मुकतात. वस्तुतः २००४ पासून सरकारी केंद्रांत हें औषध विनामूल्य मिळतें. तें नित्य घेतल्यास आयुष्य वाढतें, व बाळासही बहुधा रोगापासून वांचवितां येतें. २०१७ च्या कायद्यानें रुग्णाशीं भेदभाव करण्यास मनाई केली आहे. विवाहांत सुखदुःखाचें वचन देणारे आम्ही पती या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं निश्चय करितों कीं, तपासणीस पत्नीला एकटी धाडणार नाहीं, बरोबर जाऊं.