चढती बेरीज



रोजकीर्द आणि खतावणी हीं दोन पुस्तकें आपल्या घरांत नसलीं, तरी त्यांचीं नांवें आपण ऐकलेलीं असतील. रोजकीर्दींत व्यवहार घडतील त्या क्रमानें लिहावयाचे, आणि खतावणींत ते ज्याच्या त्याच्या खात्यांत उतरावयाचे. पान भरलें म्हणजे बेरीज पुढील पानावर ओढावयाची. परंतु नवें खातें उघडलें म्हणजे मागच्या खात्याची बेरीज तेथें येऊं द्यावयाची नाहीं. आज हें काम संगणक करतो. प्रत्येक नोंदीबरोबर वाढत जाणाऱ्या या रकमेस इंग्रजींत ‘रनिंग टोटल’ म्हणतात; आपण तिला चढती बेरीज म्हणूं.

संगणकाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणती रक्कम मिळवावयाची, कोणत्या क्रमानें मिळवावयाची, आणि केव्हां पुन्हां शून्यावर यावयाचें. जुन्या कारकुनाला तिसरी गोष्ट सांगावी लागत नसे. खात्याचें पान उलटतांच त्याचा हात आपोआप थांबे. यंत्राला मात्र पान दिसत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका धर्मार्थ रुग्णालयाच्या हिशेबांत आहार आणि औषधें अशीं दोन खातीं आहेत. आहाराचा खर्च अनुक्रमें ४००, ३०० आणि २०० रुपये झाला. औषधांचा ७०० आणि ५०० रुपये. म्हणजे आहाराची चढती बेरीज ४००, ७००, ९००. औषधांची ७०० आणि १२००. औषधांसाठीं मंजुरी २००० रुपयांची असली, तर अजून ८०० रुपये शिल्लक आहेत. आतां शून्यावर येण्याची आज्ञा राहून गेली असें धरा. औषधांपुढें १६०० आणि २१०० हे आंकडे उमटतील. मंजुरी संपली असें समजून कारकून पुढच्या रोग्याची औषधाची चिठ्ठी परत करील. आणि नवल असें कीं, शेवटचा २१०० हा आंकडा एकूण खर्चाशीं तंतोतंत जुळतो. त्यामुळें तपासणाराला संशयही येत नाहीं!

उपाय सोपा आहे. ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’ या प्रणालींत चढत्या बेरजेचा रकाना तयार करतांना, गट बदलला कीं ती शून्यावर आणावी, अशी निवड करतां येते. माहितीच्या कोठारास प्रश्न विचारण्याची एसक्यूएल नांवाची भाषा आहे. तिच्या २००३ सालच्या प्रमाणांत ‘पार्टिशन बाय’ या शब्दांनीं खातीं वेगळीं ठेवण्याची आणि ‘ऑर्डर बाय’ या शब्दांनीं क्रम लावण्याची सोय आहे. येथें आणखी एक सावधगिरी हवी. क्रम केवळ तारखेवर लावला, आणि औषधांच्या दोन्ही नोंदी एकाच तारखेच्या असल्या, तर वेगळी सूचना दिल्यावांचून दोहोंपुढेंही १२०० च येतात. यास्तव तारखेनंतर पावतीचा क्रमांकही द्यावा.

शेवटीं एक पडताळा सांगतों. एकूण बेरीज जुळली एवढ्यावर संतुष्ट राहूं नये. प्रत्येक खात्याची पहिली चढती बेरीज त्याच्या पहिल्या रकमेइतकी असली पाहिजे, आणि शेवटची त्या खात्याच्या स्वतंत्र बेरजेइतकी. वर सांगितलेल्या दोन्ही चुका या पडताळ्यांत सांपडतात. घरचा जमाखर्च संगणकावर ठेवणाऱ्यांनींही तो करून पाहावा. आणि जेथें दुसऱ्यांचा पैसा हातीं असतो, तेथें तर तो अवश्य करावा. तेवढ्या श्रमानें एखाद्या रोग्याची चिठ्ठी परत जावयाची टळेल.